ऊसतोडीचा दर वाढला; भार कोणावर?

देवणी - मजुरी वाढली की मालक माणसे कमी करतो किंवा मालाचा भाव वाढवतो, असा सर्वसाधारण समज आहे. साखर धंद्यात मात्र तिसरी वाट आधीपासूनच तयार आहे.

शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. टनामागे 273 रुपयांचे 366 रुपये झाले. मुकादमाचे कमिशनही 20 टक्क्यांवर गेले. हा बोजा कारखान्यांवर पडल्याचे वरकरणी दिसते. पण एफआरपी ही कारखान्याच्या दारात पोचलेल्या उसाची किंमत असते आणि राज्यात तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातूनच वजा होतो. त्यामुळे देवणी तालुक्यात तळेगावच्या कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी असो की कोल्हापूरचा, वाढीव 93 रुपयांची झळ अखेर त्याच्याच बिलाला लागते. 2023-24 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3150 रुपये एफआरपी होती, हे येथे ध्यानात घ्यावे.

मजुराच्या पदरात काय पडले? एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोने मिळून, दिवसाला दोन टन तोड केली असे धरले तर 546 रुपयांऐवजी 732 रुपये होतात. माणशी 366 रुपये. तेही पहाटेपासून राबून आणि आधी घेतलेली उचल फिटेपर्यंत हिशेबातच. हा दर किमान वेतनाच्या अधिसूचनेतून आलेला नाही, तो वाटाघाटीतून ठरतो. 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असली, तरी मुकादमामार्फत आलेल्या जोडप्याचा मालक नेमका कोण, हा जुना प्रश्न फडात कायम आहे.

कारखान्यांचे खरे उत्तर तोडणी यंत्र हे आहे. राज्य सरकारने 2023 मध्ये यंत्रखरेदीला 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढे अनुदान देऊ केले. लातूर जिल्ह्यात मांजरा परिवारातील कारखान्यांनी यंत्रतोडीवर भर दिला आहे. अर्थात, केवळ दरवाढीमुळे यंत्रे आली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. टोळ्यांची टंचाई आणि उचल बुडण्याची भीती हीदेखील त्यामागची कारणे आहेत.

यंत्राला रुंद सरी आणि मोठा फड लागतो. एक-दोन एकरांच्या तुकड्यात ते वळवणेही अवघड. तेथे अजून कोयताच चालतो, आणि टोळी वेळेवर न आल्यास उसाला तुरे फुटेपर्यंत वाट पाहण्याची वेळ याच शेतकऱ्यावर येते.