परदेशची शेती आणि आपण

परदेशची शेती पाहून आलेला मनुष्य बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट सांगतो : “तिकडचे सारेच उत्तम,” किंवा “तिकडचे इकडे चालायचे नाही.” दोन्ही मतांत विचाराचे कष्ट वाचतात, म्हणून मला ती दोन्ही पटत नाहीत.

आमच्या नेकनूरचा माझा एक जुना विद्यार्थी शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्यातून इस्राएलला जाऊन आला. पारावर एका वृद्धाने त्याला विचारले, “काय रे, तिकडे पाऊस तरी किती?”

“आबा, आपल्या तिसऱ्या हिश्शाएवढा!”

कोणाला खरे वाटेना. पण ते खरे होते. नेगेव्ह वाळवंटाच्या उत्तर भागात वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो. बीड जिल्ह्यात सरासरीने त्याच्या तिप्पट. तरीही तेथे फळबागा डोलतात. आणि येथे? मी शिकवीत असताना दिवाळी सरली की ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर माझे विद्यार्थीही जात आणि वर्गातील बाके रिकामी पडत.

हा फरक केवळ ठिबकच्या नळ्यांचा नाही. हात्झेरिम या वस्तीत १९६५ साली त्या नळ्यांचा उद्योग सुरू झाला. आज त्या आपल्याही शिवारात आहेत. खरा फरक हिशेबाचा आहे. इस्राएलने १९५९ च्या कायद्याने सारे पाणी समाजाच्या मालकीचे ठरविले. तेथे शेतकऱ्याला पाणी मोजून मिळते. आपण मात्र ‘ज्याची विहीर त्याचे पाणी’ असे मानतो. मग एकाची कूपनलिका खोल जाते आणि शेजाऱ्याची विहीर आटते.

म्हणून तिकडचे सारेच उचलावे काय? मुळीच नाही. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो, आपला मृगापासून. आपले पूर्वज बाजरीत तूर पेरीत; तुरीच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत साठवितात. ही रीत टाकून देण्याजोगी नाही. पाण्याचा हिशेबही परदेशातूनच शिकावा असे नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे गावकरी एकत्र बसून पाण्याचा जमाखर्च मांडतात आणि त्यावरून पिके ठरवितात.

मुलांनो, दुसऱ्याचे शेत पाहाल तेव्हा ‘येथे काय पिकते?’ एवढेच विचारू नका. ‘पाण्याचा हिशेब कोण ठेवतो?’ हेही विचारा. तो हिशेब आपल्या गावाने ठेवला, तर दिवाळीनंतर रिकामी पडणारी काही बाके तरी भरलेली राहतील, असे मला वाटते.