सोफ्याच्या आत काय आहे?

चाकरमान्यांनी मुंबईत नवं फर्निचर घेतलं की जुना सोफा, जुन्या गाद्या टेम्पोत भरून आमच्या उमरठला येतात. फेकून देण्यापेक्षा गावी बरं, असा आपला हिशोब. मी अंगणवाडी सेविका. या हिशोबात ओटीवर रांगणारी पोरं कुणी धरलेली मला दिसत नाहीत.

फोम झटकन पेटतो. म्हणून अनेक ठिकाणी त्यात आग रोखणारी ब्रोमीन-क्लोरीनची रसायनं मिसळली गेली. ती फोमला पक्की बांधलेली नसतात. फोमचा भुगा पडायला लागला की धुळीत उतरतात. रांगतं मूल जमिनीवरचा हात तोंडात घालतं, त्यामुळे मोठ्यांपेक्षा त्याच्या पोटात ती जास्त जातात. त्यातल्या पीबीडीई नावाच्या ब्रोमीनयुक्त रसायनांच्या गटाचा संबंध थायरॉइडच्या बिघाडाशी आणि मुलांची बुद्धी, एकाग्रता कमी पडण्याशी आढळला आहे. ही रसायनं आईच्या दुधातही सापडली आहेत. तरी दूध पाजणं थांबवू नका, बायांनो. त्याचा फायदा कितीतरी मोठा आहे.

जुना फोम चुलीत किंवा बंबात घालणं मात्र आजच थांबवा. त्याच्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघतं. जुलै 2021 च्या पुरानंतर महाडमध्ये भिजलेल्या सामानाचे ढीग लागले होते. मग जुन्या, भिजलेल्या गाद्या गोळा करून कुठे न्यायच्या, हे ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने पुढचा पाऊस येण्याआधी ठरवायला हवं.

भारताने मार्च 2018 च्या नियमांनी आग रोखणाऱ्या या रसायनांपैकी काहींवर बंदी घातली. पण त्याआधीचे सोफे घराघरांत आहेतच, आणि बंदीत न आलेली रसायनंही आहेत.

आगीपासून बचाव नको का, असं कुणी विचारेल. हवाच. कॅलिफोर्नियात 1975 पासून फोमने 12 सेकंद ज्योत सोसली पाहिजे असा नियम होता, आणि त्यापायीच ही रसायनं तिथल्या घरांत शिरली. पण आधी पेट घेतं ते वरचं कापड. म्हणून 2013 मध्ये नियम बदलून धुमसत्या सिगारेटला सोफा कसा टिकतो, हे तपासायचं ठरलं. त्यासाठी फोममध्ये रसायनं घालावी लागत नाहीत. 2015 पासून ती घातली आहेत की नाही, हे तिथे लेबलवर छापणं सक्तीचं झालं.

बिस्किटाच्या पुड्यावर आत काय आहे ते छापलेलं असतं. ज्यावर मूल रोज झोपतं त्या गादीवरही ते छापणं सरकारने सक्तीचं करावं.