१७ सप्टेंबरनंतरचे दिवस

१३ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरलेल्या भारतीय फौजांनी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला. तुळजापुरात निजामी सैन्याने आणि रझाकार या निजामधार्जिण्या सशस्त्र संघटनेने काही तास झुंज दिली. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. ही हकिगत धाराशिव जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते आणि असायलाच हवी. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील आणि लातूर तेव्हा याच, त्या वेळी उस्मानाबाद म्हटल्या जाणाऱ्या, जिल्ह्यात होते. रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. घरदार सोडून कुटुंबे बार्शी-सोलापूरकडे गेली. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलेल्या स्वामी रामानंद तीर्थांनी या जुलमाविरुद्ध लढा उभारला. मराठवाड्याला त्याचा अभिमान आहे.

पण १७ सप्टेंबरनंतर काय झाले, हे आपण मुलांना सांगत नाही. रझाकारांच्या पापाची शिक्षा ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता अशा मुसलमान शेतकऱ्यांना, विणकरांना, बायाबापड्यांना भोगावी लागली. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना चौकशीसाठी पाठवले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८मध्ये हे पथक नऊ जिल्ह्यांत फिरले. ‘पोलीस कारवाई’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या लष्करी मोहिमेच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मेली, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ पोचलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. एकट्या लातुरात वीसहून अधिक दिवस कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले होते. हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे जीव मुठीत धरून पळाले होते. काही ठिकाणी वर्दीतल्या माणसांचाही हात होता, हेही समितीने लपवले नाही.

अहवाल सरकारकडे गेला आणि दप्तरात बंद झाला. तो अभ्यासकांच्या हाती पडायला कित्येक दशके जावी लागली.

या शांततेत एक आवाज उठला तो कॅनडातून. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ हे प्रेस्बिटेरियन पंथाचे दीक्षित पाळक. चाळीसच्या दशकात ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवत होते. ब्रिटिश राजवटीवर परखड टीका करणारे त्यांचे पुस्तक १९४३ साली लाहोरलाच निघाले होते. १९५०मध्ये ‘मिडल ईस्ट जर्नल’ या नियतकालिकात त्यांनी हैदराबादच्या मुसलमानांवर कोसळलेल्या संकटाविषयी दीर्घ लेख लिहिला. मराठवाड्यात हा प्रकोप विशेष भीषण होता, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले. सरकारने चौकशी करवून अहवाल मात्र छापला नाही, हेही लिहिले. मेलेले त्यांच्या धर्माचे नव्हते, त्यांच्या देशाचेही नव्हते.

परक्यांसाठी अशी साक्ष देण्याला ख्रिस्ती परंपरेत भक्कम आधार आहे. येशूच्या दृष्टांतात वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला उचलतो तो परक्या, तुच्छ मानलेल्या जमातीतला शोमरोनी. विल्यम शेपर्ड हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय प्रेस्बिटेरियन मिशनरी. काँगोत बेल्जियमच्या राजाच्या अमलाखाली तोडलेले हात त्यांनी स्वतः मोजले आणि जगाला सांगितले. पुढे रबर कंपनीने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यात ते निर्दोष सुटले. आपल्या ओळखीचे इंग्रज पाळक दीनबंधू अँड्र्यूज १९१५ साली भारतीय गिरमिटिया मजुरांची दुर्दशा पाहायला फिजीला गेले आणि आपल्याच साम्राज्याविरुद्ध साक्ष देऊन परतले. चर्चचा इतिहास सत्तेपुढे गप्प बसलेल्या माणसांनीही भरलेला आहे. म्हणूनच स्मिथ, शेपर्ड आणि अँड्र्यूज या तिघांचे मोल मोठे.

‘आमच्या घरातले बाहेरच्याने का सांगावे?’ हा आक्षेप आपल्याकडे लगेच येतो. अँड्र्यूज आपल्या मजुरांची बाजू मांडत होते तेव्हा तो कुणी घेतला नव्हता. परक्याची साक्ष आपल्या दुःखाबद्दल असली की ती सत्य आणि आपल्या हातून घडलेल्याबद्दल असली की ती ढवळाढवळ, हा न्याय टिकणारा नाही. रझाकारांचे अत्याचार खरे आहेत. त्यानंतरचा सूडही खरा आहे. एक सांगितल्याने दुसरे पुसले जात नाही. उलट, अर्धे झाकून ठेवले की उरलेल्या अर्ध्याचा वापर कुणीही दोन समाजांत काडी लावायला करतो. ७५ वर्षांहून अधिक काळ आपण हे पाहत आलो आहोत.

सुंदरलाल समितीच्या अहवालात आणखी एक नोंद आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. एकाच धंद्यातल्या माणसांचा बंधुभाव धर्माच्या वैरापेक्षा बळकट ठरला, असे समितीला आढळले. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बचावासाठी हिंदूंच्याच जमावाशी लढले आणि त्यात काहींनी प्राण गमावले. पळवून नेलेल्या स्त्रिया परत मिळवून देण्यातही हिंदूंनी मदत केली. त्यासाठी कॅनडाहून कुणाला यावे लागले नाही. जे स्मिथ यांनी लेखणीने केले, ते या विणकरांनी हातमाग सोडून, जिवावर उदार होऊन केले. आपल्या मातीतले शोमरोनी तेच.

या विणकरांचे स्मारक नाही, पाठ्यपुस्तकात धडा नाही. येत्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन झाल्यावर धाराशिवच्या प्रत्येक शाळेत हुतात्म्यांच्या नावांबरोबर विणकरांविषयीचा अहवालातला तो परिच्छेदही वाचला जावा. शिक्षकांनी, ग्रंथालयांनी, चर्च, मशिदी आणि मंदिरांच्या विश्वस्तांनी एवढे मनावर घ्यावे. मुक्तिसंग्राम ज्यासाठी लढला गेला, ते मूल्य त्या परिच्छेदात आहे.