पाचवर ठेवलं की लवकर तापतं?

सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. नाताळच्या सुट्टीत ती आजीबरोबर मावशीकडे जर्मनीला जाऊन आली. तिथं प्रत्येक खोलीत खिडकीखाली पांढऱ्या पत्र्याची, घड्याघड्यांची एक चपटी पेटी होती. तिला म्हणतात रेडिएटर. कडेला एक गोल नॉब, त्यावर १ ते ५ आकडे आणि एक बर्फाची चांदणी. आजीला हुडहुडी भरली की आजी नॉब सरळ ५ वर न्यायची. मावसभाऊ यायचा आणि परत ३ वर आणायचा. "आजी, पाचवर ठेवून लवकर नाही तापत!" आजी म्हणायची, "नळ जास्त उघडला की जास्त पाणी येतं, एवढं मला कळतं." आता मैत्रीण विचारते आहे, खरं कोणाचं?

माझ्या चौथीच्या वर्गात मी हेच विचारलं. एक हात सोडला तर सगळे हात आजीच्या बाजूनं वर!

आधी रेडिएटर म्हणजे काय ते पाहू. तुमच्यापैकी काहींच्या आजोळी अजून तांब्याचा बंब असेल. तसाच एक मोठा बंब इमारतीच्या तळघरात आहे असं समजा. त्यात पाणी तापतं, नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या पेटीत फिरतं, उष्णता देऊन कोमट होतं आणि पुन्हा तापायला खाली जातं. म्हणजे पेटीत विस्तव नाही की विजेची तार नाही, नुसतं गरम पाणी.

आता तो नॉब. दिसतो नळासारखा, पण नळ नव्हे बरं का! त्याच्या पोटात एक छोटी बंद डबी असते. डबीत मेण, एखादा द्रव किंवा वायू भरलेला असतो. खोलीतली हवा तापली की आतला पदार्थ फुगतो आणि एका बारीक दांडीला ढकलतो. दांडी गरम पाण्याची वाट अरुंद करते. हवा गार झाली की पदार्थ आकसतो, स्प्रिंग दांडीला मागे सारते, वाट पुन्हा मोकळी. ना सेल, ना वीज! डेन्मार्कच्या माड्स क्लाउसेन यांनी १९४३ साली ही युक्ती काढली आणि १९५२ पासून त्यांच्या डॅनफॉस कारखान्यात असे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. आता मोबाइलवरून चालणारे, सेलवरचे व्हॉल्व्हही मिळतात. पण डबीवाले अजून लाखो घरांत बिनतक्रार राबताहेत.

मग त्या आकड्यांचा अर्थ काय? गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. तिच्यात तरंगणारा गोळा असतो ना? पाणी ठरलेल्या पातळीला आलं की तो नळ बंद करतो. समजा, गोळा वर सरकवला. टाकी लवकर भरेल का? नाही! पाणी त्याच वेगानं येणार, फक्त जास्त उंचीवर जाऊन थांबणार. रेडिएटरचे आकडे म्हणजे त्या गोळ्याची उंची. २ म्हणजे साधारण १६ अंश सेल्सिअस, ३ म्हणजे २०, ४ म्हणजे २४ आणि ५ म्हणजे २८. खोली गार असताना ३ वर काय नि ५ वर काय, वाट जवळजवळ पूर्ण उघडीच असते. शेवटच्या एखाद्या अंशाला ३ वाला जरा रेंगाळतो, इतकंच. पण ५ वाला विसाला थांबत नाही. खोली इतकी तापते की कोणीतरी उठून खिडकी उघडतं. आता बाहेरची बर्फाळ हवा थेट नॉबवर! डबीला वाटतं, अरे बाप रे, खोली गारठली. ती वाट सताड उघडते आणि रेडिएटर रस्ता तापवत बसतो.

डबीला फसवणं फार सोपं आहे. तिला फक्त स्वतःभोवतीची हवा कळते. आपली माणसं तिकडे गेली की रेडिएटरवर हमखास ओले टॉवेल वाळत घालतात. टॉवेलखाली ऊब कोंडते, डबी समजते खोली तापली आणि पाणी बंद करते. पलंगावरचा माणूस कुडकुडतोच. जाड पडदा किंवा सोफा आड आला तरी तेच.

मावसभावाला बिलाचीही काळजी असणार. जर्मनीत १९८१ पासून नियम आहे, की सामाईक बंब असलेल्या इमारतीत तापवण्याच्या खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग ज्यानं जितकी ऊब वापरली त्याप्रमाणे वाटायचा. म्हणून बऱ्याच रेडिएटरांवर मोजणी करणारी एक छोटी पट्टीही असते. एक अंश कमी ठेवला की खर्च साधारण ६ टक्के उतरतो, असा तिथला ठोकताळा. २०२२ मध्ये रशियाकडून येणारा वायू आटला, तेव्हा त्या हिवाळ्यात सरकारी कचेऱ्यांत १९ अंशांवर तापवायलाही मनाई होती.

पण म्हणून आजीनं काकडायचं का? मुळीच नाही! आजीनं ५ वर नेलेलं मला पटत नाही, तसं मावसभावानं न विचारता ३ वर आणलेलंही पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली सांगितलं, की थंडीत घर निदान १८ अंश तरी हवं, आणि म्हाताऱ्या किंवा आजारी माणसांना याहून जास्त ऊब लागू शकते. प्रत्येक खोलीला वेगळा नॉब दिलाय तो कशासाठी? आजीच्या खोलीत ४ ठेवावं, दार लोटून घ्यावं. झोपायच्या खोलीत २ आणि ३ च्या मध्ये. स्वयंपाकघर शेगडीनं आपोआप तापतं, तिथं २ पुरे.

रिकाम्या खोलीचा नॉब अगदी बंद करावा का? नको. थंड पाण्याच्या स्टीलच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात, पाहिलेत ना? उबदार खोलीतली दमट हवा गार खोलीत शिरली की भिंतींवर तसंच दव धरतं आणि मागोमाग बुरशी. पावसाळ्यात कोकणात चपलांवर येते ना, तिचीच बहीण! म्हणून त्या खोलीतही साधारण १६ अंश राखतात आणि दार लावून ठेवतात. हवा बदलायची असेल तर नॉब बंद करून खिडकी ५-१० मिनिटं पूर्ण उघडायची; दिवसभर किलकिली ठेवायची नाही. आणि ती चांदणी? तिच्यावर खोली ६ अंशांच्या आसपास राहते, म्हणजे थंडीच्या लाटेत निफाडला पहाटे असते जवळपास तेवढीच. घर बंद करून गावाला जाताना ती उपयोगी पडते. नळ्यांतल्या पाण्याचा बर्फ झाला तर ते साधारण ९ टक्के फुगतं आणि लोखंडी नळीसुद्धा फुटते.

आपल्या घरी रेडिएटर नाही, पण इस्त्री आहे. आई किंवा बाबा इस्त्री करतील तेव्हा लांब उभं राहून (हात लावायचा नाही हं!) तिचा लाल दिवा पाहा. रेशमावर ठेवली तर दिवा किती सेकंदांत विझतो? पूर्ण गार झाल्यावर सुतीवर ठेवली तर किती? दोन्ही आकडे वहीत लिहा. सुतीवर इस्त्री जास्त वेगानं तापली, की जास्त वेळ तापत राहिली? उत्तर कारणासकट पोस्टकार्डावर लिहून पाठवा.