एका नोंदीचे मोल

२००६ साली खामगाव शहर पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीत एक नोंद झाली. आमदार दिलीपकुमार सानंदा यांच्या कुटुंबाविरुद्ध सावकारीची तक्रार आल्यास ती प्रथम जिल्हा समितीपुढे ठेवावी, सरकारी वकिलाचे मत घ्यावे, मगच गुन्हा नोंदवावा, असा निरोप मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून आला होता. कर्जबाजारी शेतकऱ्यासाठी ठाण्याची पायरी एकाएकी उंच झाली! २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला १० लाखांचा दंड ठोठावला. शेतकऱ्यांची वकीलपत्रे घेणाऱ्या बुलढाण्यातील वकिलाला मात्र हा न्याय अर्धाच वाटेल. दंड बसला तो तिजोरीवर, म्हणजे जनतेवरच. शिवाय तो निरोप डायरीत न लिहिताच पाळला गेला असता, तर न्यायालयापुढे ठेवायचे काय होते?