बहिणीच जणू!

आपल्या अंकात हुंडा, बेकारी, परीक्षापद्धती या विषयांवर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितेच. मी निवडलेला विषय पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. परंतु शेवटपर्यंत वाचावे आणि मग काय ते ठरवावे, एवढीच विनंती.

माझे गाव कोरगाव. गोव्याच्या पेडणे तालुक्यातले. आमच्या वाड्यावर दोन बाई एकत्र राहत असत. थोरल्या बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. धाकट्या बाई शिवणकाम करीत. थोरल्या बाईंकडे मी निबंध तपासून घ्यायला जात असे. मी वही उघडली की आतून शिवणयंत्राची खडखड थांबे आणि चहा येई. त्यात थोरल्या बाईंचा कप बिनसाखरेचा, हे कधी कुणाला सांगावे लागले नाही. तीस-पस्तीस वर्षे त्या अशा राहिल्या. गाव म्हणे, “दोगींचें बरें चल्लां, कोणाक तरास ना.” कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असे, “बहिणीच जणू!”

2019 च्या पावसाळ्यात थोरल्या बाई वारल्या. माणसे जमली. पुतण्या आला, त्याने अग्नी दिला. येणारा प्रत्येकजण पुतण्यापाशी बसून दोन शब्द बोलून जात होता. धाकट्या बाई स्वयंपाकघरात, आलेल्यांसाठी चहा करीत होत्या. त्यांच्यापाशी जाऊन कोणी बसले नाही. मीही नाही. बारावे झाले आणि पुतण्याने अगदी सभ्य शब्दांत घराची किल्ली मागितली. घर थोरल्या बाईंच्या नावावर होते. महिन्याभरात एक टेंपो आला. त्यात शिवणयंत्र आणि दोन ट्रंका चढल्या, आणि धाकट्या बाई सावंतवाडीकडे भावाच्या घरी गेल्या. पुतण्याने कायद्याबाहेर काही केले नाही. गावानेही कोणाला वाईट शब्द वापरला नाही. तरीही काहीतरी फार मोठा अन्याय झाला, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

त्या दोघींचे एकमेकींशी नाते काय होते, हे मी कधी विचारले नाही, आणि तो अधिकारही मला नव्हता. परंतु ‘बहिणीच जणू’ हे आपण त्यांना दिलेले नाव होते, त्यांनी घेतलेले नव्हे. स्त्रीचे स्त्रीवर प्रेम असू शकते, ती तिच्याबरोबर संसार करू शकते, ही गोष्ट उच्चारावी लागू नये म्हणून आपण ती सोय करून ठेवली. सोय आपली झाली. किंमत धाकट्या बाईंनी मोजली.

कोणी म्हणेल, हे सारे पाश्चात्त्यांचे फॅड आहे. मग इस्मत चुगताई यांची ‘लिहाफ’ ही उर्दू कथा 1942 सालची आहे, आणि तीवर लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला चालला, याचे काय करावयाचे? 1987 च्या डिसेंबरात भोपाळकडच्या लीला आणि ऊर्मिला या दोन पोलीस शिपाई स्त्रियांनी एकमेकींना हार घातले. त्या साध्या घरच्या नोकरदार मुली होत्या. हे कळताच त्यांची नोकरी गेली. यात पश्चिमेचे कोणते वारे शिरले होते?

आपल्या मराठीत विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक 1981 साली रंगभूमीवर आले. विनय आपटे यांनी ते बसवले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी मित्राची, म्हणजे सुमित्राची, भूमिका केली. कॉलेजच्या नाटकात पुरुषाचे काम करणारी ही मुलगी बरोबरीच्या नटीच्या प्रेमात पडते आणि शेवटी आपला जीव गमावते. नाटक थोरच आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात येते. मित्राची गोष्ट आपल्याला सांगतो तो बापू, तिचा मित्र. ती स्वतः सांगत नाही. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना वसुधेंद्र यांचा ‘मोहनस्वामी’ हा 2013 चा कथासंग्रह ठाऊक असेल. तिथे तो अनुभव ज्याचा आहे, तोच लिहितो आहे. स्त्रीच्या बाबतीत असे किती वेळा घडले? पुरुषाची निंदा तरी होते. स्त्रीच्या वाट्याला निंदेआधी मौन येते, आणि ते अधिक काळ टिकते.

कायद्याचेही असेच आहे. इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलेले 377 वे कलम गोवा मुक्तीनंतर आमच्याकडेही आले. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी, संमतीने संबंध ठेवणाऱ्या सज्ञान व्यक्तींच्या बाबतीत ते रद्द ठरवले. त्याच्या तीनच दिवस आधी, 3 सप्टेंबरला, मलेशियातील तेरेंगानू राज्यात दोन स्त्रियांना याच कारणावरून शरिया न्यायालयात लोकांसमक्ष छड्या मारल्या गेल्या. आशिया एक नाही, हे यावरून दिसते. तैवानने 2019 साली अशा विवाहांना मान्यता दिली. नेपाळात 2023 साली पहिली नोंद झाली. थायलंडचा कायदा 22 जानेवारी 2025 पासून लागू झाला. या देशांत कुटुंबसंस्था कोसळली, असे काही ऐकिवात नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 17 ऑक्टोबर 2023 रोजी विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला आणि तो प्रश्न संसदेकडे सोपवला. 2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने एवढे स्पष्ट केले की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते काढण्यास आणि जोडीदाराला नॉमिनी नेमण्यास आडकाठी नाही. पाऊल चांगलेच आहे. पण खात्यातले पैसे आणि राहते घर यांत फरक आहे.

आणि आमच्या गोव्याची गंमत तर निराळीच. 2021 च्या अखेरीस नागपुरात दोन डॉक्टर स्त्रियांनी घरच्यांच्या साक्षीने एकमेकींना अंगठ्या घातल्या आणि लग्न गोव्यात करण्याचा मनोदय बोलून दाखवला. वाचून मला हसावे की रडावे कळेना. गोव्यात पोर्तुगीज अमलापासूनचा समान नागरी कायदा चालत आला आहे, आणि त्याचा आम्हांला अभिमानही आहे. लग्नाची नोंद झाली की सामान्यतः दोघांच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. परंतु 1910 च्या त्या पोर्तुगीज कायद्यात विवाहाची व्याख्याच ‘भिन्न लिंगाच्या दोन व्यक्तींमधील करार’ अशी आहे. खुद्द पोर्तुगालने 2010 साली आपला कायदा बदलला. धन्याने टाकून दिलेला अंगरखा आम्ही अजून जपून ठेवला आहे!

थोरल्या बाईंना मृत्युपत्र करता आले असते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. मूलबाळ नव्हते, आईवडील हयात नव्हते, त्यामुळे घर धाकट्या बाईंना लिहून देण्यास कायदा आड आला नसता. पण त्यासाठी नोटरीपुढे जाऊन, साक्षीदार बसवून, ‘ही माझी कोण’ हे सांगावे लागले असते. जे तीस वर्षे उच्चारायचे नाही म्हणूनच गावाने सुखाने राहू दिले, ते कचेरीत कसे उच्चारायचे? आमच्या सहनशीलतेची हीच अट होती. आणि म्हणूनच मी म्हणते की सहन करणे निराळे आणि स्वीकारणे निराळे.

आमच्या तालुक्यात हरमल-मांद्रेच्या किनाऱ्यावर परदेशी बायका हातात हात घालून फिरतात. त्यांना खोल्या भाड्याने देताना कोणाची नीती आड येत नाही. देवळासमोर दशावतारात पुरुष लुगडे नेसून उभा राहतो आणि त्याच्या दुःखाने आमच्या आया पदराने डोळे पुसतात. म्हणजे मन आमचे दगडाचे नाही. केवळ आपल्या शेजारच्या घरात जे आहे, ते पाहायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.

मी काय मागते? मोर्चा नको, घोषणाही नकोत. संसदेने कायदा करावा, हे तर आहेच. पण तोवर आपल्या वर्गात, वसतिगृहात एखादी मैत्रीण विश्वासाने काही सांगू लागली, तर हसू नये आणि चारचौघांत बोलू नये. आईवडिलांनी अशा मुलीच्या लग्नाची घाई करू नये. लग्नाने ती ‘सुधारत’ नाही. दोन माणसांचे आयुष्य मात्र नासते, आणि त्यातला दुसरा तर सर्वस्वी निरपराध असतो.

आणि आपल्याही गावात ‘बहिणीच जणू’ असे कोणी राहत असेल, तर एवढे करावे. त्यांच्यातली एक गेली, की स्वयंपाकघरात जावे, दुसरीच्या हातातले चहाचे भांडे घ्यावे आणि तिला बाहेर, माणसांत आणून बसवावे. त्या दिवशी मी नववीत होते. दारापर्यंत गेले आणि परत फिरले.