मोठ्या स्कूटरवाल्यांनो, आधी पाना काढा

बर्गमन, एसएक्सआर, एरॉक्स, आणि ज्यांचा खिसा परवानगी देतो त्यांची बीएमडब्ल्यू सी 400 जीटी. अशी भारदस्त अंगाची, रुंद सीटची, पुढे काच असलेली स्कूटर घेताना डोळ्यांसमोर ऑफिसचं पार्किंग नसतं, कोकण असतं. मग पहिल्या दौऱ्यात ताम्हिणी उतरून माणगावला चहाला थांबेपर्यंत बुडाला रग लागते, कानात वारा भणभणतो आणि मीटरच्या आसपास कुठून तरी किर्र आवाज यायला लागतो. घरी परतल्यावर माणूस मोबाइल उघडतो आणि मागवत सुटतो. जेलची गादी, दीड फुटाची काच, जाडजूड ग्रिपा, मागे पाठ टेकायला पेटी. चार-सहा हजार गेले तरी रग तिथेच.

माझी विनंती साधी आहे. काही विकत घेण्याआधी गाडीत जे आहे ते नीट लावून घ्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रोजचा एखादा दहा-पंधरा किलोमीटरचा रस्ता ठरवा, त्यात थोडे खड्डे हवेत आणि थोडी मोकळी सडक हवी. प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावरून जाऊन या. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

सुरुवात हवेपासून करा. पंपावरचा पोरगा दोन्ही चाकांत सरसकट तीस-पस्तीस पौंड भरून मोकळा होतो. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरला कंपनी पुढच्या चाकात 22 पौंड सांगते, यावरून किती फरक पडतो ते बघा. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो. एकट्यासाठी वेगळा, दोघांसाठी वेगळा. खिशात मावणारा गेज घ्या आणि सकाळी गाडी काढण्याआधी, चाकं थंड असताना हवा मोजा. सीट टणक झाली म्हणून गादी शोधत फिरणाऱ्या कित्येकांचं दुखणं चाकातल्या हवेचं असतं.

मागच्या शॉकअपला खाचांची कडी आहे का तेही पाहा. असेल तर ती शोरूममधून आली तशीच असणार. एकट्याने फिरताना नरम खाचेवर ठेवा; मागे माणूस आणि सामान असेल तर एक-दोन खाचा वर. मेकॅनिककडचा हुक पाना लागतो, काम दोन मिनिटांचं. चाकाच्या मापाचं मात्र काही करता येत नाही. साध्या बर्गमन स्ट्रीटचं मागचं चाक 10 इंची आहे, डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या तिच्या ईएक्स आवृत्तीला 12 इंची दिलं. लहान चाक खड्ड्यात खोल उतरतं, त्यावर उपाय म्हणजे वेग कमी ठेवणं. दुसऱ्या गाडीचं मोठं चाक बसवून देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. मीटर चुकतं, गाडी उचल खात नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच.

आता बसण्याबद्दल. मोटरसायकलवर खड्डा दिसला की आपण फूटरेस्टवर भार देतो, बूड जरासं उचलतो, दणका गुडघे खातात. स्कूटरवर पाय पुढे पसरलेले असतात, त्यामुळे सगळा भार माकडहाडावर येतो आणि दणका थेट कमरेत जातो. ऐटीत पाय पुढे टाकून बसणं या गाड्यांचं वैशिष्ट्य, आणि पाठ धरते तीही त्याच बसण्याने. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी पाय मागे घ्या, पुढे टाका, पुन्हा मागे घ्या. गतिरोधक दिसला की आधी पाय गुडघ्यांखाली ओढा आणि भार पावलांवर घ्या. हे जमलं की निम्मी कटकट फुकटात जाते. एरॉक्ससारख्या गाडीत मधे बोगदा असल्याने पाय हलवायला जागा कमी. तिथे थांबे जास्त घ्या, दुसरा इलाज नाही.

एवढं करूनही रग लागत असेल तरच सीटला हात घाला. जेलच्या गादीबद्दल माझं मत चांगलं नाही. एप्रिलच्या उन्हात अर्धा तास गाडी उभी राहिली की ती तापते आणि मग बसवत नाही. त्यापेक्षा डिलिव्हरीवाल्या पोरांच्या गाड्यांवर दिसतं ते जाळीचं कव्हर स्वस्त आणि बरं. खालून हवा खेळते, घाम साचत नाही.

कुशनवाल्याकडे गेलात तर ‘मऊ करून द्या’ एवढं म्हणू नका. तो मऊ फोम घालून देईल. दुकानात बसून पाहाल तेव्हा झकास वाटेल आणि तासाभराने तो फोम चपटा होऊन तुमची हाडं खालच्या प्लॅस्टिकवर टेकतील. घट्ट फोम मागा. जिथे बसण्याची दोन हाडं टेकतात तिथे किंचित खोलगट करायला सांगा. सीटच्या मधली पायरी तुम्हाला पुढे ढकलत असेल तर ती इंचभर मागे कापून घ्या. उंच माणसाला एवढ्यानेच सुख लागतं. जाडी वाढवताना जपा. एक इंच वाढला की सिग्नलला टाच टेकत नाही, आणि पाऊणशे किलोच्या माणसाखाली सव्वाशे किलोची गाडी कलंडायला वेळ लागत नाही. फोम कापून झाल्यावर लगेच नवं रेक्झिन ठोकू देऊ नका. जुनंच कव्हर ओढून बांधा, तासभर चालवून या, कुठे बोचतं ते सांगा, पुन्हा घासून घ्या. कारागीर कुरकुर करेल, करू द्या. शेवटी फोम आणि रेक्झिनच्या मधे जाड प्लॅस्टिकचा कागद घालायला विसरू नका, कारण पावसाचं पाणी शिलाईच्या भोकांतून आत उतरतं. वरून सीट कोरडी खडखडीत दिसते आणि बसलं की पँटचं बूड ओलं. जुलैत हे रोज घडतं.

वाऱ्याचं प्रकरण याहून चमत्कारिक. लोकांना वाटतं काच जितकी उंच तितका वारा कमी. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा गरगरत मागे येतो. ते भोवरे छातीवर आले तर चालतात. हेल्मेटवर आले की डोकं थडथडतं आणि कान भरून जातात. तुमचं नेमकं काय होतंय ते कळायला पैसे पडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर साठच्या आसपास वेग ठेवा, दोन्ही हात हँडलवरच राहू द्या, आणि दोन क्षण मान खाली करून काचेच्या आड व्हा. मग ताठ होऊन जरा उंच बसा. खाली गेल्यावर शांत झालं तर काच थोडी वर हवी. उंच झाल्यावर वारा सरळ, एकसारखा लागला आणि थडथड थांबली तर काच खाली हवी किंवा आखूड हवी. अनेकांच्या बाबतीत दुसरंच निघतं आणि ते ऐकून लोक नाराज होतात, कारण उंच काच दिसते छान.

आणखी एक युक्ती. काचेच्या मागे हवेचा दाब कमी होतो, म्हणून वरचा वारा आत ओढला जातो. काचेच्या खालच्या बोल्टांमागे वायसर किंवा छोटे बुश घालून काच एक-दीड सेंटिमीटर पुढे आणली, तर खालच्या फटीतून हवा आत येते आणि वरचे भोवरे नरम पडतात. बोल्ट तेवढे लांब घ्या. आवळताना हलक्या हाताने, रबरी नट असतील तर ते चेपतील इतकंच. बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांना लावतात ते द्रावण इथे वापरू नका. प्लॅस्टिकला त्याने तडे जातात. पेट्रोलनेही जातात, म्हणून काच पुसायला पाणी आणि मऊ फडकं. आणि कितीही उंच काच लावली तरी तिची कड नाकाच्या खालीच असू द्या. रात्री पावसात समोरून ट्रकचे दिवे आले की ओरखडे पडलेल्या काचेतून काहीही दिसत नाही. काचेच्या वरून पाहता आलंच पाहिजे. परदेशात विकल्या गेलेल्या बर्गमन 650 ला बटणावर वर-खाली होणारी काच मिळायची. आपल्याकडे पाना हेच बटण.

मागच्या पेटीबद्दल बोलायलाच हवं, कारण इथे सोयीतून धोका जन्मतो. पेटी उंचावर आणि चाकाच्याही मागे बसते. तिच्यात जड सामान भरलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि वेग उतरताना पन्नास-साठच्या आसपास हँडल डावी-उजवीकडे थरथरतं. कॅरिअरला किती किलो झेपतं ते पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि तो आकडा तुमच्या अंदाजापेक्षा खूपच लहान असतो. पाण्याच्या बाटल्या, हत्यारं, कुलूप हे जड सामान डिकीत ठेवा. पेटीत रेनकोट आणि कपडे. पेटी काढूनही हँडल थरथरत असेल तर पुढचा टायर आणि हँडलचे बॉलरेसर तपासून घ्या. हे काम पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलू नका.

किर्र-खडखड शोधायची पद्धत एकच. गाडी मोकळ्या हवेत मेन स्टँडवर, इंजिन मंद चालू, आणि एकेका पॅनेलवर तळहात दाबत जा. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे एखादी क्लिप तुटलेली असते किंवा स्क्रू हरवलेला असतो. तिथे फेल्टची चिकटपट्टी लावा. पॅनेल उघडण्याआधी नंबरप्लेट, पुढच्या कप्प्याचं झाकण आणि डिकीत सुटे पडलेले पाने मात्र जरूर तपासा. चोर बहुतेक वेळा तिथेच सापडतो. निघताना गाडी थरथरत उचलत असेल तर ते क्लचमधल्या धुळीचं काम आहे. बेल्टचं झाकण उघडून साफ करायला सांगा आणि रोलर झिजले आहेत का ते स्वतः बघा.

आरशांत कोपरच दिसत असेल तर दांडी लांबवणारे तुकडे मिळतात. फक्त यामाहाच्या बऱ्याच गाड्यांवर उजव्या आरशाचे आटे उलटे असतात; नेहमीच्या दिशेने जोर लावाल तर आटे जातील. मोबाइल हँडलला लावायचा तर कंप शोषणारा होल्डर घ्या. मोटरसायकलच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यावर परिणाम होऊ शकतो, असा इशारा अ‍ॅपलनेच 2021 मध्ये दिला होता. चार्जरची वायर हेडलाइटच्या वायरला गुंडाळून जोडू नका. वेगळा फ्यूज घाला आणि चावी बंद केली की चार्जरही बंद होईल अशी जोडणी करून घ्या.

आणि मागे बसणाऱ्याला विचारा. बायको असो, आई असो, सगळे बदल चालवणाऱ्याच्या सोयीचे होतात. मागची सीट उंच असल्याने काचेवरून आलेला वारा तिच्याच तोंडावर आदळतो, आणि फूटरेस्ट आखूड असेल तर गुडघे आखडतात. काच बदलल्यावर एक फेरी तिला मागे बसवून मारा. सीट कापायला दिलीत तर कारागिरासमोर तिलाही बसवा. तुमची पायरी मागे सरकली की तिची जागा तेवढीच कमी होते, आणि हे कापण्याआधी कळलेलं बरं.